एक डोळा उशीत

एचएसआर लेआउट, बेंगळुरू
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

चि. अजित,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे धडधाकट आहोत. शंतनु आणि सूनबाई अश्लेषा ऑफिसला गेलेत, तुझी अमृता कॉलेजात आहे, आणि मी बाल्कनीच्या दाराशी खुर्ची ओढून बसले आहे. दुकानावरच्या नव्या पत्र्यांचं काम उरकलं असेल. तुझा खोकला कमी झाला का?

पत्र कशाला, असं विचारशील. फोनवर मी भाषण करते आणि तू "व्हय, व्हय" म्हणत गिऱ्हाइकाला नटबोल्ट मोजून देत असतोस. कागदापुढे गिऱ्हाईक येत नाही. रविवारी तू अमृताला न्यायला येणार आणि सोमवारी लॉ कॉलेजातून तिचं नाव काढून तिला निपाणीला, दुकानाच्या गल्ल्यावर बसवणार, असं ठरवलंयस. त्यात माझाही हात आहे. पोरगी पुस्तक हातात धरत नाही, हे तुला मीच कळवलं होतं. म्हणून हे कुरियरने पाठवते आहे, तू बसमध्ये बसायच्या आत तुझ्या हातात पडावं. दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस. थांबत थांबत वाच, पण तुझं तूच वाच.

आधी माझ्या डोळ्यांचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं.

गेलं वर्षभर डोळ्यांच्या भोवती काहीतरी होत होतं. दुखतंय म्हणावं तर दुखत नव्हतं. भुवईच्या आतल्या कोपऱ्यात कुणीतरी अंगठा टेकवून ठेवावा, दाबू नये, नुसता टेकवावा, तसं. सकाळी उठल्यावर नसायचं. वर्तमानपत्र उघडलं की यायचं आणि दिवस कलेपर्यंत बसून राहायचं. डोळे लाल नाहीत, पाणी नाही, दिसायला सगळं स्वच्छ. अशा दुखण्याला घरात मान नसतो. सणकून ताप आला तर लोक उशाशी बसतात. "जरा कसंतरी होतंय" म्हटलं तर उठून जातात, पण जाता जाता कारण मात्र सांगून जातात.

आणि कारणं तरी किती. ज्याला स्वतःचं जे सलत होतं ते त्याने माझ्या डोळ्यांत पाहिलं. शंतनु दिवसभर स्क्रीनपुढे बसून कावलेला असतो. तो म्हणाला, आई, मोबाईल कमी कर. अश्लेषाला या गावात बाराही महिने शिंका. तिने झाडांचा फुलोरा, गाजरगवत आणि सायनस धरलं आणि मला पंचा डोक्यावर घेऊन वाफ घ्यायला बसवलं. खालच्या मजल्यावरच्या गंगव्वांचं म्हणणं, मी सभेत बोलते तेव्हा बायका टक लावून बघतात, दृष्ट लागणारच. त्यांनी मीठमिरच्या ओवाळून टाकल्या आणि तळपायाला चोळायला एरंडेल दिलं. चष्म्याच्या दुकानात नंबर बदलून मिळाला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी साखर पाहिली, थायरॉइड पाहिलं, डोळे कोरडे पडतात म्हणून थेंब दिले. यातलं काहीही वेडगळ नव्हतं हे आज मी मान्य करते. थेंबांनी चुरचुर गेली. वाफेने नाक मोकळं झालं. एरंडेलाने झोपही चांगली लागली. अंगठा तेवढा हलला नाही.

माझं स्वतःचं कारण तयारच होतं. मी म्हटलं, हा आळस आहे. शरीर हे नोकर आणि इच्छा ही मालकीण, हे मी आयुष्यभर गावोगावच्या व्यासपीठांवरून मराठीत सांगितलं, कन्नडमध्ये सांगितलं, टाळ्या घेतल्या. मग नोकराने कुरकुर केली म्हणून त्याला रजा द्यायची? मी वाचन वाढवलं.

त्याचा परिणाम आमच्या मराठी मंडळाच्या सभेत दिसला. तुला ठाऊक आहे, मी कागद घेऊन कधी बोलत नाही. त्या दिवशी ठराव होते, ते शब्दशः वाचावे लागतात, म्हणून हातात कागद आला. वरती एका गृहस्थांच्या पंच्याहत्तरीचं अभिनंदन, खालती दुसऱ्या एकांना श्रद्धांजली. मध्येच माझी ओळ सुटली. पंच्याहत्तरीचे गृहस्थ पहिल्या रांगेत हार घालून बसले होते, आणि मी खणखणीत आवाजात त्यांच्या आत्म्याला शांती चिंतली. त्यांनी हार काढून मांडीवर ठेवला. शंतनु घरी येईपर्यंत हसत होता. आई, आता तू माणसं मारायला लागलीस, म्हणाला. अश्लेषा हसली नाही. तिने मारतहळ्ळीच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि सोबतीला अमृताला दिलं.

या डॉक्टरबाई, धनलक्ष्मी त्यांचं नाव, वयाने आपल्या पोरांएवढ्या. माझं आपल्या भागातलं रांगडं कन्नड ऐकून त्यांना गंमत वाटली. हुबळीच्याही पलीकडचं दिसतंय, म्हणाल्या. मी म्हटलं, पलीकडचंच आहे, पण डोळे अलीकडे आणलेत. मग त्यांनी एक डोळा झाकून भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. वाचली. दुसरा झाकून वाचायला लावली. वाचली. मी उठायला लागले. म्हटलं, दोन्ही चांगले आहेत ना?

"सरी, बरोबर," त्या म्हणाल्या. "एकेकटे चांगले आहेत. आता दोघं मिळून काय करतात ते बघू."

अजित, माझी साठी उलटली. चार गावांत चार वेळा डोळे तपासून घेतले. दोघं मिळून काय करतात, हे आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

त्यांनी एका काडीच्या टोकावरचं बारीक अक्षर माझ्या नाकासमोर धरलं आणि एका डोळ्यापुढे धुरकट काचेसारखी पट्टी आणली. त्या पट्टीतून मला काही दिसत नव्हतं, पण त्यांना माझा डोळा दिसत होता. पट्टी या डोळ्यावर, मग त्या डोळ्यावर, पुन्हा या. मला काहीच जाणवलं नाही. मी विचारलं, झालं? त्यांनी अमृताला मोबाईलवर चित्रीकरण करायला सांगितलं, पुन्हा तेच केलं, आणि मोबाईल माझ्या हातात दिला.

पडद्यावर माझा म्हातारा डोळा होता. पट्टी आली तेव्हा तो समोर पाहत होता. मग पट्टीमागे तो निघाला. हळूहळू, घाई न करता, दावं सुटलेलं जनावर बांधाकडे सरकतं तसा कानाच्या दिशेने बाहेर गेला आणि तिथेच थांबला. पट्टी बाजूला झाली, आणि पापणी लवायच्या आत तो परत जागेवर. मी त्याला सोडलं नव्हतं. मी त्याला बोलावलं नव्हतं. तो गेला होता हेच मला ठाऊक नव्हतं.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. हा झाकलेला तिरळेपणा. बाहेरून कुणाला दिसत नाही. माझे दोन्ही डोळे मोकळे सोडले तर ते एकमेकांपासून दूर जातात. एका वस्तूची दोन चित्रं दिसू नयेत म्हणून मेंदू त्यांना सारखा आत ओढून एकत्र धरतो, आणि जवळचं वाचताना तर फारच ओढावं लागतं. तरुणपणी हे निभावतं. वय झालं, आजार झाला, वाचन वाढलं, की ओढणारे दमतात. तो अंगठा म्हणजे ती दमणूक. सगळ्यांच्या डोळ्यांभोवतीच्या दुखण्याचं कारण हेच असतं असं नाही, हेही त्यांनी बजावलं. दहा माणसांत दहा कारणं निघतात. माझं हे निघालं.

मी ते चित्रीकरण पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. डोळे उघडे असलेल्या माझ्या प्रत्येक क्षणी हे काम चाललं होतं. आईला पोचवून आलो त्या दिवशी. शंतनुला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा. मी माइक धरून इच्छाशक्तीच्या नावाने गर्जत होते तेव्हाही, माझ्याच कपाळाआड कुणीतरी न बोलता, न थांबता, दोन पळणाऱ्या डोळ्यांना एका ओळीवर आणून उभं करत होतं. माझ्या इच्छेला याचा पत्ताही नव्हता. मी जिला मालकीण म्हणत होते ती दिवाणखान्यात पाहुण्यांशी गप्पा मारत बसली होती, अजित. घर दुसरंच कुणीतरी चालवत होतं. समुद्र पाहून माणसं हात जोडतात म्हणे. मी मोबाईलच्या पडद्यापुढे जोडले.

मग त्यांनी एका जाडजूड चौकटीत लोलकाच्या काचा बसवून ती माझ्या नाकावर ठेवली. त्या काचा डोळ्यांना आत ओढायचं थोडं काम आपल्यावर घेतात. हातात छापील पान दिलं. मी वाचायला लागले आणि ओळ तिथेच राहिली. आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर येतो, त्याची मोटर तासभर घरघरते आणि आपल्याला ऐकू येईनाशी होते. ती बंद पडली की मग कळतं, अरे, केवढा आवाज चालला होता. तसं झालं. अंगठा उचलला गेला. मी पान शेवटपर्यंत वाचलं, पुन्हा वरून वाचलं, आणि डॉक्टर ते परत मागत होत्या तरी सोडेना.

माझी गोष्ट इथे संपती तर तुला एवढं लिहिलं नसतं.

चौकट काढता काढता त्यांनी सहज विचारलं, वाचताना एक डोळा मिटावासा वाटतो का? मी म्हटलं, छे, आमच्या घरात तो गुन्हा होता. आणि मी त्यांना आप्पांचं उभं वाचन सांगितलं. वडील तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते, दिवेलागणीला घरी येत, आणि जेवायच्या आधी आम्हा भावंडांना एकेक करून उंबऱ्यात उभं राहून एक पान मोठ्याने वाचावं लागे. ओळ सुटली की पान पहिल्यापासून. डोळा मिटला, डोळ्यावर हात नेला, तरी पहिल्यापासून. त्यानंतरच ताट. मी हेही सांगितलं, आणि अभिमानाने सांगितलं, की आता भाचीकडूनही घरी तेच करून घेते. पण ती एक डोळा मिटून मला वेडावते, म्हणून रोज तिचं पान पहिल्यापासून होतं.

मागच्या स्टुलावरून अमृता म्हणाली, "आत्या, मी वेडावत नाही. मिटला की ओळ थांबते."

डॉक्टरांनी मला उठवलं आणि तिला खुर्चीत बसवलं.

तिचा डोळा माझ्यापेक्षा लांब गेला. पट्टी काढल्यावर परत यायलाही त्याला वेळ लागला. दोनदा तर तो वाटेतच थबकला. काडी नाकाशी यायच्या कितीतरी आधी तिला एकाची दोन अक्षरं दिसू लागत होती. डॉक्टरांनी विचारलं, हे आधी कुणाला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "सगळ्यांच्याच ओळी हलतात असं मला वाटायचं."

हे वाक्य मी घरी येईपर्यंत मनात धरून होते. सगळ्यांच्याच ओळी हलतात, आणि बाकीचे लोक इच्छाशक्तीने त्यांना थांबवतात, असं त्या पोरीने लहानपणापासून धरून ठेवलं होतं. वर्गात ऐकलेलं एकूण एक तिच्या ध्यानात असतं. मैत्रिणी कलमं मोठ्याने वाचतात आणि ती त्यांना त्यांचे अर्थ सांगते. पेपरात मात्र प्रश्नच पुरता वाचून होत नाही. तरी ती रोज माझ्यापुढे उभी राहून हलत्या ओळी वाचत होती. तिच्याकडे इच्छाशक्ती नाही, असं मी तुला कळवलं होतं. माझ्या सबंध आयुष्यात मी पाहिलेली सगळ्यात मोठी इच्छाशक्ती माझ्या हॉलमध्ये उभी होती, आणि मी तिला पान पहिल्यापासून वाचायला लावत होते.

तिला चष्मा लागणार नाही बहुतेक. व्यायाम दिलेत. पेन्सिलीचं टोक लांबून नाकाकडे आणायचं आणि ते एकच दिसत राहील असं धरून ठेवायचं. कोवळ्या वयात बहुतेकांना गुण येतो, पण काही आठवडे नेटाने करावं लागतं, आणि ते डॉक्टरांच्या नजरेखाली व्हायला हवं. ती करते आहे. शंतनु तिला चकणी मांजर म्हणतो, ती त्याला पेन्सिल फेकून मारते.

हे सगळं मी त्याच संध्याकाळी तुला फोनवर सांगितलं होतं. तू काय म्हणालास ते मला अक्षरशः आठवतं.

"अक्का, डोळ्याचं नाटक हाय सगळं. तू बी त्याच उंबऱ्यात उभी ऱ्हाऊन वाचलीस न्हवं? तुझी वळ कधी सुटली काय?"

मी गप्प बसले. तुला वाटलं, अक्काला पटलं. मला उत्तर येत होतं, अजित. ते तोंडातून बाहेर पडत नव्हतं.

आता कागदावर टाकते. माझी ओळ कधी सुटली नाही, कारण मी कधी वाचतच नव्हते.

दुपारी तू खेळायला जायचास. मी माजघरात एका कुशीवर पडायचे, एक डोळा उशीत दाबून, आणि संध्याकाळचं पान दुसऱ्या डोळ्याने वाचून वाचून पाठ करायचे. तशी निजले की अक्षरं शांत राहायची. का राहायची हा प्रश्नच मला पडला नाही. मला वाटायचं, निजून वाचणं आरामाचं असतं. संध्याकाळी उंबऱ्यात उभी राहून, पुस्तक उघडं धरून, मी ते पान घडाघडा म्हणायचे. आप्पा म्हणायचे, वासंतीच्या जिभेवर अडखळणं लिहिलेलंच नाही. एकदा माझं म्हणणं पुढच्या पानात शिरलं आणि मी पान उलटायलाच विसरले. आप्पांनी माझ्या हातांकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि आईला ताट वाढायला सांगितलं. त्यांना काय कळलं आणि किती, ते त्यांच्याबरोबर गेलं.

पुढे कॉलेजात तेच केलं, व्यासपीठावर तेच केलं. कागदाशिवाय बोलणारी बाई म्हणून माझं नाव झालं. लोक म्हणाले, प्रतिभा आहे. डॉक्टरांच्या जिन्यावरून उतरताना मला कळलं की तिचं मूळ त्या उशीत होतं. याची मला लाज वाटत नाही, आणि तू वाटून घेऊ नकोस. मी थक्क झाले आहे. हलणाऱ्या ओळींपुढे माझ्या आतल्या कुणीतरी हार मानली नाही, पाठांतराची वाट काढली, आणि त्या वाटेवर मला एवढा आवाज सापडला. तो आवाज मला इच्छाशक्तीने मिळाला असं मी जगाला सांगत आले. तो मला या दोन पळपुट्या डोळ्यांनी दिला.

मला उशी सापडली. अमृताला सापडली नाही. आणि तुलाही नाही.

तू उंबऱ्यात उभा राहायचास तो मला अजून दिसतोस. डोळ्यावर मूठ नेऊन चोळायचास, आप्पा खाकरायचे, तू वरून सुरू करायचास. आमची ताटं उष्टी झाली तरी तुझं पान चाललेलं असायचं. एक दिवस तू पुस्तक उंबऱ्यावर ठेवलंस, मी ढ आहे म्हणालास, आणि दुसऱ्या दिवसापासून मामांच्या दुकानात जायला लागलास. आज तू लेकीला न्यायला येतोयस ते रागाने येत नाहीस, हे मला कळतं. तुला तिचा उंबरा चुकवायचाय.

तुझेही डोळे तसेच आहेत असं मी म्हणणार नाही. डॉक्टर म्हणाल्या, हे घराण्यात असतं कधी कधी, पण पाहिल्याशिवाय बोलू नये. तर इथे थांब. तळहाताने एक डोळा झाक आणि हा परिच्छेद पुन्हा वाच. काहीच फरक पडला नाही तर अक्का चुकली असं समज आणि मला तसं तोंडावर सांग. ओळी स्थिर झाल्या तर कुणाला काही सांगू नकोस. थोडा वेळ तसाच बसून राहा. मी त्या खोलीत बसले होते तशी.

मग रविवारी ये. सोमवारी सकाळी, कॉलेज उघडायच्या आधी, धनलक्ष्मी डॉक्टरांकडे वेळ घेतली आहे. ती अमृताच्या नावावर नाही, तुझ्या नावावर आहे. त्या खुर्चीत बस, आपला डोळा पट्टीमागून कुठे जातो ते आपल्या डोळ्यांनी बघ. त्यानंतरही तुला तिचं नाव काढायचंच असेल तर मी अडवणार नाही, असं लिहिणार होते. खोटं कशाला लिहू, अडवीन. कॉलेजच्या दारात उभी राहून अडवीन. पण आधी तू बस.

अमृताला या पत्राचं ठाऊक नाही. बाबा रविवारी येणार म्हणून तिने पिशवी भरून दाराशी ठेवली आहे, आणि तिच्यावर बसून ती पेन्सिलीचा व्यायाम करते.

तिच्याविरुद्ध तुझ्याकडे एकच साक्षीदार होती. तिने आपली साक्ष मागे घेतली आहे.

आप्पांपुढे एकही पान न वाचलेली,
तुझी अक्का
वासंती